माघारीच्या वाटेवरचे कागद: सलमान पाक ते कूट, १९१५

लष्करी दप्तरात ‘पळालो’ हा शब्द सापडत नाही. ‘माघार’ हासुद्धा फार जपून येतो. पलटण ‘मागच्या जागी सरकते’, ‘फळी आखडून घेते’, ‘मुक्काम हलवते’. जिंकलेल्या दिवशी अधिकाऱ्याची पेन्सिल थांबत नाही. कुठली कंपनी कुठल्या खंदकात शिरली, कुणी तोफ पकडली, सगळं येतं. माघारीच्या दिवशी तोच अधिकारी दोन ओळींत आटोपतो, आणि कधी कधी तेवढंही लिहीत नाही, कारण लिहायला तो जिवंत नसतो.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या पुष्कळ घरांत एक वाक्य चालत आलेलं असतं: ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते.’ त्यापुढं फारसं काही नसतं. एखादं मेडल, एखादा पेन्शनचा कागद, फार तर जंगी इनामाची सनद. अशा घरातल्या कुणाला त्या वाक्याच्या मागे जायचं असेल, तर आज ना उद्या त्याची गाठ एका माघारीशी पडण्याचा संभव आहे. म्हणून तीच माघार उदाहरणाला घेतो.

आधी गोष्ट थोडक्यात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची सहावी (पूना) डिव्हिजन आजच्या इराकमधल्या बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठाकाठानं वर चढत गेली. मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड तिचे सेनापती. डिव्हिजनमध्ये गोऱ्या पलटणींबरोबर पंजाबी, राजपूत, गुरखे होते आणि तीन मराठा पलटणी होत्या: १०३वी, ११०वी आणि ११७वी. सप्टेंबर १९१५च्या अखेरीस तैग्रिसकाठचं कूट गाव घेतलं, तेव्हा बगदादची हाव सुटली. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे सलमान पाकला तुर्कांशी गाठ पडली. साधारण १३ ते १४ हजार लढणाऱ्यांपैकी सुमारे ४,६०० मारले गेले किंवा जखमी झाले. खंदकांची पहिली रांग हाती आली, पण पुढं जायला माणूस उरला नाही. २५ तारखेच्या रात्री डिव्हिजन मागं वळली. लज्ज, अझीझिया, उम्म अत-तुबुल असे मुक्काम करत ३ डिसेंबरला कूटमध्ये शिरली आणि तिथंच वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. वेढ्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेलेत. त्याआधीचे आठ-नऊ दिवस मात्र बहुतेक ठिकाणी एका परिच्छेदात संपतात.

डायरी नावाचा छापील फॉर्म

युद्धकाळात प्रत्येक पलटणीला, ब्रिगेडला, डिव्हिजनला ‘वॉर डायरी’ ठेवावी लागे. नाव डायरी असलं तरी ते खासगी रोजनिशीसारखं काही नसतं. तो सरकारी फॉर्म आहे, क्रमांक सी २११८. जागा, तारीख, वेळ, घडामोडींचा सारांश आणि शेवटी पुरवण्यांचा उल्लेख, असे त्याचे रकाने. लिहायचं काम बहुतेक वेळा अॅडज्युटंटकडे, म्हणजे पलटणीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, किंवा एखाद्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याकडे असे.

हे रकाने माघारीत एकेक करून दगा देतात. ‘जागा’ या रकान्यात काय लिहायचं, जेव्हा पलटण दिवसभर वाटेवर आहे आणि सपाट वाळवंटात नाव असलेली जागाच नाही? ‘वेळ’ हा रकाना आणखी फसवा. ब्रिटिश सैन्यात २४ तासांचं घड्याळ १९१८मध्ये आलं. १९१५च्या नोंदीत सकाळ-संध्याकाळ अक्षरांनी दाखवावी लागते आणि घाईत ती अक्षरं गळतात. रात्रीची वाटचाल असली की ‘२५/२६ची रात्र’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोन तारखांमधली रात्र. हे ठाऊक नसलं की वाचणारा एकच कूच दोनदा मोजतो.

खरा ऐवज पुरवण्यांत असतो. मूळ हुकूम, नकाशे, निरोपाच्या चिठ्ठ्या, मृत-जखमींच्या याद्या. हुकूम आणि नोंद शेजारी शेजारी ठेवली की अंतर दिसायला लागतं: निघायचं ठरलं किती वाजता, आणि निघाले किती वाजता. माघारीत या दोन वेळांमधल्या फरकात सगळं नाट्य भरलेलं असतं. जखमींना उचलायला लागलेला वेळ, अडकलेल्या खेचरगाड्या, उशिरा पोचलेला निरोप.

आता एक गंमत सांगतो, म्हणजे कडवट गंमत. नियम असा होता की महिना संपला की डायरीची मूळ प्रत पिछाडीच्या कचेरीकडे पाठवायची. नोव्हेंबर १९१५ संपला ३० तारखेला. त्या दिवशी डिव्हिजन अझीझियाहून निघून संध्याकाळी उम्म अत-तुबुलला टेकली होती, आणि पाठलाग करणारे तुर्क रात्री अंधारात जवळच येऊन उतरले होते, दोघांनाही एकमेकांचा नीट पत्ता नसताना. १ डिसेंबरला उजाडलं तेव्हा तुर्कांचे तंबू तोफेच्या टप्प्यात दिसले आणि ब्रिटिश तोफांनी त्यांच्यावर भडिमार केला. अशा रात्री महिन्याचे कागद कोण नीट लावून बंद करणार? त्यानंतर दोन दिवसांत कूट, आणि ७ डिसेंबरपासून वेढा. वेढा पडल्यावर बाहेर कागद जाणं अशक्यच. त्यामुळे या डिव्हिजनचा ऑक्टोबरपर्यंतचा कागद हाती घेताना जितका विश्वास धरता येतो, तितका नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा धरता येत नाही. एखादी नोंद फार नेटकी, फार सलग वाटली, तर आधी विचारावं: ही त्या रात्री लिहिली, की नंतर आठवून?

नंतर लिहिलेल्या नोंदीची खूण ओळखता येते. एकच शाई, एकच हात, कुठं खाडाखोड नाही, आणि मुख्य म्हणजे लिहिणाऱ्याला पुढं काय होणार ते आधीच कळलेलं असतं. ताज्या नोंदीत अफवा असतात, चुकीची नावं असतात, शत्रूची संख्या दुप्पट असते. संशोधकाला या चुका सोन्यासारख्या. त्या क्षणी माणसांना काय वाटत होतं, ते तिथंच सापडतं.

एका पलटणीची डायरी कधी एकटी वाचू नये

पलटण ब्रिगेडमध्ये, ब्रिगेड डिव्हिजनमध्ये. वाचन या तिन्ही पायऱ्यांवर चढ-उतार करत करायचं. ११०वी मराठा १८व्या ब्रिगेडमध्ये होती, नॉरफोक रेजिमेंटची दुसरी पलटण आणि १२०वी राजपुताना इन्फंट्री तिच्या शेजारी. १०३वी १७व्या ब्रिगेडमध्ये, ११७वी १६व्या. मराठा पलटणीचं पान कोरं असलं तरी शेजारच्या गोऱ्या पलटणीच्या कागदात ‘आमच्या डावीकडे मराठे’ एवढा उल्लेख मिळू शकतो, आणि तेवढ्यावर नकाशावर टिंब देता येतं.

हे टिंब देणं शब्दशः करावं. मोठा कागद घ्यायचा, आडव्या ओळीत तारखा, उभ्या ओळीत पलटणी, आणि प्रत्येक चौकटीत ती कुठं होती ते पेन्सिलनं. ३० नोव्हेंबर ते १ डिसेंबरची चौकट भरताना ३०वी ब्रिगेड गोंधळात टाकते. तिला मेजर जनरल मेलिस यांच्या हाताखाली पुढं, म्हणजे कूटच्या दिशेला, पाठवलेलं होतं. रात्री निरोप गेला आणि ती उलट्या पावली परत लढाईच्या जागी आली. फक्त तिचे कागद पाहणाऱ्याला वाटावं की तारखा उलटसुलट झाल्यात. डिव्हिजनचा हुकूम शेजारी ठेवला की उलगडा होतो.

जागांच्या नावांचं एक वेगळंच प्रकरण आहे. सलमान पाक हे नाव सलमान फारसी यांच्या कबरीवरून आलेलं. ते प्रेषितांचे साथीदार, त्यामुळे मुसलमान शिपायांच्या मनात त्या जागेबद्दल आदर. तिथं आपण लढतोय हे त्यांच्या कानावर पडू नये म्हणून ब्रिटिशांनी लढाईला जवळच्या प्राचीन शहराचं नाव दिलं: टेसिफॉन. म्हणून इंग्रजी कागदात टेसिफॉन, तुर्की कागदात सलमान पाक, आणि गावाकडच्या आठवणीत दोन्ही नाहीत, नुसतं ‘बगदादकडं’.

नदीवरचे कागद

माघार फक्त पायवाटेवर नव्हती. जखमी नदीनं गेले. इथं पलटणींच्या डायऱ्या गप्प बसतात, कारण जखमी माणूस बोटीवर चढवला की पलटणीच्या हिशोबातून तो उतरला. पुढचं शोधायला वेगळं दप्तर उघडावं लागतं.

लज्जजवळून आगबोटी आणि त्यांना बांधलेले तराफे जखमींनी भरून निघाले. वाटेत काठावरून गोळीबार, उथळ पाण्यात रुतणं, मागं फिरणं. मेजिदिया नावाची बोट बसऱ्याला पोचेपर्यंत जवळजवळ दोन आठवडे गेले. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी ती बंदराला लागताना पाहिली. लांबून बोटीच्या बाजूंनी दोर लोंबताना दिसत होते. जवळ आल्यावर कळलं की ते दोर नव्हेत, विष्ठा वाळून लोंबत होती. डेकवर माणसं एकमेकांना चिकटून पडलेली, कित्येकांच्या जखमांना पहिल्या पट्टीनंतर कुणी हात लावलेला नव्हता. त्याच सुमारास वरिष्ठांकडे गेलेल्या तारेत मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक झाल्याचं कळवलेलं होतं.

तार आणि साक्ष, दोन्ही आज वाचायला मिळतात, कारण या प्रकरणाचा बोभाटा झाला आणि लंडनमध्ये मेसोपोटेमिया (म्हणजे आजचा इराक) कमिशन बसलं. त्याचा अहवाल १९१७मध्ये छापून आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. माझ्या मते माघारीचा अभ्यास करणाऱ्यानं वॉर डायरीआधी हा अहवाल वाचावा. डायरी लिहिणाऱ्याला कुणी उलट प्रश्न विचारलेला नसतो. कमिशनपुढं विचारलेला असतो, आणि ‘समाधानकारक’ या शब्दाचा अर्थ काय, हे तिथं कळतं. आपल्याकडच्या चौकशी अहवालांची सवय असणाऱ्याला तो वाचताना पदोपदी ओळखीचं वाटेल.

समोरच्यांचं घड्याळ

पाठलाग करणाऱ्याच्या कागदाशिवाय माघार अर्धीच कळते. तुर्की सैन्याचं दप्तर अंकारामध्ये आहे. भाषा उस्मानी तुर्की, लिपी अरबी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना ते अनुवादातूनच वाचावं लागणार. पण अनुवाद वाचतानाही दोन गोष्टी ठाऊक हव्यात. एक, त्यांचं सरकारी पंचांग वेगळं होतं: आपली २२ नोव्हेंबर १९१५ म्हणजे त्यांची ९ तेश्रिनिसानी १३३१. तेरा दिवसांचा फरक. दुसरं, त्यांच्याकडे दिवसाचे तास सूर्यास्तापासून मोजायची जुनी पद्धत होती. दोन बाजूंच्या नोंदी जुळत नाहीत म्हणून कुणाला खोटं ठरवण्यापूर्वी घड्याळं जुळवून पाहावीत.

जुळवल्यावर हाती काय लागतं? तुर्की सेनापती नुरेद्दीन पाशांनीही सलमान पाकच्या लढाईनंतर आपलं सैन्य मागं, दियाला नदीकडे घ्यायला सुरुवात केली होती. ब्रिटिश परत फिरताहेत हे कळल्यावर ते वळले. म्हणजे काही काळ दोन्ही सैन्यं एकमेकांकडे पाठ करून चालली होती. एकाच बाजूचे कागद वाचणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

उम्म अत-तुबुलला ‘फायरफ्लाय’ या ब्रिटिश गनबोटीच्या बॉयलरवर गोळा बसला आणि ती सोडून द्यावी लागली. तुर्कांनी ती दुरुस्त केली आणि तिला नाव दिलं ‘सलमान पाक’. फेब्रुवारी १९१७मध्ये ब्रिटिशांनी ती परत मिळवली. तेव्हा त्या वर्षभराच्या तुर्की कागदात ‘सलमान पाक’ असं आलं, तर ते गाव आहे की बोट, ते संदर्भानं ठरवावं लागतं.

आठवणी आणि इतिहासग्रंथ यांच्याबद्दल थोडक्यातच. टाउनशेंड यांनी १९२०मध्ये स्वतःची बाजू छापली. शिपाई वाळवंटातून पायपीट करत मरत असताना ते इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामशीर कैदेत होते, हे लक्षात ठेवून ती वाचावी. ब्रिटनचा अधिकृत चार खंडी इतिहास १९२३ ते १९२७ दरम्यान निघाला; घटनाक्रम लावायला तो पक्का, पण त्यात शिपाई कुठंच नाही. हिंदुस्थानी माणसाच्या डोळ्यांतून पाहायचं तर बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्बाधिकारी यांची रोजनिशी आहे. ते सलमान पाकला होते, कूटमध्ये होते, कैदेतही होते. ती बंगालीत आहे.

आता पणजोबा

इथवर पलटणीचा माग झाला. एका माणसाचा काढायचा तर वाट जास्त बिकट आहे, आणि त्याचं कारण वाळवंट किंवा तुर्क नव्हेत. डायरीत इंग्रज अधिकारी मेला तर त्याचं आडनाव येतं. सुभेदार, जमादार कधी कधी नावानिशी येतात. शिपायांसाठी पुष्कळदा ‘आय.ओ.आर.’ एवढी तीन अक्षरं आणि पुढं आकडा. इंडियन अदर रँक्स. हीच रीत दगडावरही उतरली. इराकमधल्या बसरा स्मारकावर ४०,५००हून जास्त जणांची नोंद आहे, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत त्यांची. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदुस्थानी साध्या शिपायांचा पलटणवार आकडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१मध्ये स्वतःच्याच चौकशी अहवालात या असमान वागणुकीची कबुली दिली. आपल्या गावोगावच्या चावडीत, शाळेत बसवलेल्या संगमरवरी पाट्याही तशाच: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात कामी आलेले ४६ सांगतात.

तरी सुरुवात करता येते, आणि ती घरातल्या मेडलपासून करावी. मेडलची कड उजेडात तिरकी धरा. त्यावर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ‘१९१४-१५ स्टार’ नावाच्या मेडलवर ती मागच्या बाजूला असते. घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं जातात. क्रमांक त्या पलटणीपुरताच असतो, साऱ्या सैन्यात एकच नव्हे. म्हणून पलटण कळल्याशिवाय तो निरुपयोगी. आणि कडेवर १०५, ११४ किंवा ११६ असं निघालं, तर त्याही मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, पण या माघारीत त्या नव्हत्या. तुमच्या पणजोबांची गोष्ट दुसरी आहे.

पलटणींची नावं १९२२मध्ये बदलली. १०३वी झाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, ११०वी तिसरी, ११७वी पाचवी. पुढं तिसरी पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. म्हणून ‘११०वी मराठा’चे धागे शोधताना बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरबरोबर आजच्या २ पॅराचा इतिहासही पाहावा लागतो. जुन्या भरतीची नोंद ‘लाँग रोल’मध्ये असे, तो शिल्लक असेल तर पलटणीकडेच. शिपायांच्या सेवेच्या वैयक्तिक फाइली लंडनला शोधत बसू नये. लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वॉर डायऱ्या आहेत, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं लष्करी दप्तर, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही महायुद्धाच्या डायऱ्या आहेत. दिल्लीतलं बरंच ‘अभिलेख पटल’ या तिथल्या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतं, त्यामुळे तिथूनच सुरुवात केलेली परवडते. कुणाला शौर्यपदक मिळालं असेल तर लंडन गॅझेट फुकट पाहता येतं. कैद्यांसाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसचं दप्तर.

वारलेल्यांसाठी वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ. दगडावर नसलेली नावं तिथं नोंदवहीतून आलेली आहेत, आणि हिंदुस्थानी शिपायाच्या नावापुढं पुष्कळदा वडलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो.  पण मृत्यूच्या तारखेवर डोळे मिटून विसंबू नका. माघारीत ‘बेपत्ता’ हा रकाना फुगतो. मागं राहिलेला जखमी, झोपेत चालता चालता रांगेतून सुटलेला, कैदेत नेताना वाटेत कोसळलेला, सगळे त्यात. नंतर कधीतरी कचेरीनं त्यांचा मृत्यू मान्य केला, आणि कागदावर आलेली तारीख ही कधी कधी त्या मान्यतेच्या सोयीची असते.

शोधताना स्पेलिंगला शरण जावं लागतं. त्या काळी ‘मराठा’ या शब्दात पहिल्या दोन अक्षरांनंतर एक ‘एच’ घालत आणि ‘टी’ दोनदा लिहीत. आजचं स्पेलिंग टाकलं तर पलटणच सापडत नाही. आडनावाचंही तसंच. चव्हाणांचे पाच-सहा प्रकार, शिंद्यांचे तितकेच, आणि कित्येकांचं आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. म्हणून आडनाव सोडून पलटण आणि गाव यांवरून शोध घ्यावा. गावाचं नावही कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा ते मोठ्यानं वाचा, इंग्रजी उच्चारात, दोन-तीनदा. माळवाडी, मालवडी, मलवडी यांतलं तुमचं कोणतं, ते कानालाच कळतं.